महिपतीच्या नळीतले दोन चंद्र

महिपती जाऊन दहा वर्षं झाली, तरी मला त्याचा राग येतो. जेवताना येतो, दाढी करताना येतो, आणि संध्याकाळी आकाशात तांबडा मंगळ दिसला की हमखास येतो. एका माणसाने एका संध्याकाळी थोडा वेळ तोंड मिटून बसायचं होतं. तेवढं त्याला जमलं नाही.

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा हा महिपती आमच्या नाटक मंडळीत बत्त्यांवर होता. मंडळी बारामतीची, आणि तिच्यात नायिकांची कामं मी करीत असे. शालू नेसून मी रंगमंचावर आलो की टाळ्या पडत. त्यातल्या निम्म्या महिपतीच्या बत्तीला असत, हे मला फार उशिरा कळलं. बत्त्यांना पंप मारायचा, आतल्या कापडी जाळ्या जपायच्या, रंगीत काचा सरकवायच्या आणि बागेच्या प्रवेशात चंद्र उगववायचा, ही त्याची कामं. चंद्र म्हणजे पत्र्याचा गोल डबा. पुढे तेल लावलेला कागद, आत दिवा, वर दोरी.

एकदा इंदापूरच्या मुक्कामात त्याने दोरी ओढलीच नाही. झालं होतं असं, की आदल्या प्रवेशात माझ्या तोंडी 'आज अमावास्या' असं एक वाक्य होतं आणि पुढच्याच प्रवेशात, त्याच रात्री, बागेत चंद्रोदय होता. चार वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी महिपतीच्या आलं. जाहिरातीवर 'चंद्रोदयाचा अपूर्व देखावा' असं छापलेलं, मॅनेजर विंगेत कपाळ बडवतायत, आणि मी काळोखात बोट दाखवून चंद्राचं पद म्हणतोय. पुढच्या रांगेतून एकजण म्हणाला, "बाई, आधी कंदील मागवा, मग गा." सगळं नाट्यगृह हसलं. मी आत येऊन महिपतीला फैलावर घेतलं. तो जाळी झटकत म्हणाला, "गेणबा, अमुशाला चंद्र उगवत न्हाय. तुजं वाक्य बदल, मी दोरी वडतो." वाक्य बदललं. बत्तीवाल्यापुढे मॅनेजरचं काय चालणार?

बत्त्यांच्या जाळ्या पुण्याहून रद्दीत गुंडाळून येत. ती रद्दी महिपती सरळ करून वाचायचा. अशाच एका पुडक्यात त्याला कुठल्याशा जुन्या मासिकाची चार पानं सापडली आणि त्या पानांत मंगळ सापडला. मंगळ हाही आपल्या पृथ्वीसारखाच दगडामातीचा गोळा आहे, आणि त्याच्याभोवती दोन चिमुकले चंद्र फिरतात, असं त्यात लिहिलं होतं. त्यातला आतला चंद्र इतका घाईचा, की मंगळाचा एक दिवस होईतो त्याच्या तीन फेऱ्या होतात. म्हणून मंगळावर उभ्या राहिलेल्या माणसाला तो पश्चिमेला उगवताना दिसेल आणि पूर्वेला मावळताना. दुसरा सावकाश चालणारा आणि त्याहून लहान. मासिकातले मैल महिपतीने आपल्या रस्त्यांना लावून पाहिले आणि सांगितलं, की सकाळी गाडी जुंपली तर दुपारच्या भाकरीला माणूस धाकट्या चंद्राच्या पार गेलेला असेल.

मग काय, जो भेटेल त्याला चंद्र. पंगतीत पानावर गुळाचा खडा ठेवायचा, भोवती दोन शेंगदाणे फिरवायचे. आमच्या आचाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन चंद्र म्हंजी कोजागिरी बी दोनदा. मग दूध किती लागंल?" महिपती पानावरून उठून गेला. आपण सांगतोय ते कुणी ऐकत नाही, याचा त्याला असा काही त्रास व्हायचा की बघवत नसे.

पुढे बोलपट आले आणि पस्तीस साली आमची मंडळी मोडली. माझ्या वाट्याला एक पेटी आणि माझाच जुना शालू आला. मी बारामतीत गाण्याच्या शिकवण्या धरल्या. महिपती वालचंदनगरला साखर कारखान्यात विजेच्या तारांच्या कामावर लागला आणि बायकामुलीसह तिथल्या खोलीत राहू लागला. ती चार पानं त्याने पत्र्याच्या डबीत घालून बरोबर नेली.

मुलगी एकच, जयवंता. तिच्यापायी हे सगळं सांगायचं.

आमच्याकडच्या शेतकरी घरांत पूर्वी सोयरीक जुळायची ती घर, वावर आणि नातीगोती बघून. जन्मवेळ लिहून ठेवायची रीत नव्हती. नीरेच्या पाटाचं पाणी आलं, ऊस उभा राहिला, आणि बागाईतदार मंडळी शहरातल्या घरांसारखी पत्रिका जुळवून बघू लागली. जयवंताची पत्रिका करायची वेळ आली तेव्हा तिची आई कुशाबाई हिने जोशीबुवांना सांगितलं, की पाटाची पाळी बदलून पाणी आमच्या वावरात शिरलं तेव्हा पोर झाली. पाणी नेमकं किती वाजता शिरलं, ते पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यालाही सांगता आलं नसतं. पण तेवढ्या आधारावर बुवांनी पत्रिका मांडली आणि पोरीच्या सातव्या घरात मंगळ बसवून दिला. त्या मंगळाने दोन स्थळं परत पाठवली.

तिसरं स्थळ डाळजच्या आप्पासाहेबांचं. भाजीपाल्याची आणि लिंबांची बाग, एकुलता मुलगा सर्जेराव. मुलगी बघायला आला तेव्हा सर्जेरावाने तिला नाव विचारलं नाही, भाकरी येते का विचारलं नाही. "पवायला येतं का?" एवढंच विचारलं. जयवंता म्हणाली, "पाटात येतं. विहिरीत भ्या वाटतं." तो हसला, तीही खाली मान घालून हसली. त्या दिवसानंतर ती आईला म्हणाली, की हे जमलं तर ठीक, नाहीतर मला पुन्हा कुणाला दाखवू नका.

बैठक एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात निरवांगीला, महिपतीच्या भावाच्या मळ्यात बसली. घरचा माणूस म्हणून मीही होतो. आप्पासाहेब डाळजचे आपले जोशीबुवा बरोबर घेऊन आले होते. बुवांनी दोन्ही पत्रिका मांडीवर पसरल्या, जरा वेळ बोटं मोजली आणि मंगळ मुलाच्या जिवाला कडक असल्याचं सांगितलं.

महिपती म्हणाला, की मंगळ हा दगडाचा गोळा आहे आणि त्याला स्वतःचेच दोन चंद्र सांभाळायचे आहेत, तो कशाला कुणाच्या जिवावर उठेल? बुवांना हे नवीन होतं. त्यांनी त्या चंद्रांची नावं विचारली. आता इथे दुसरा कुणीही विसरलो म्हणाला असता. महिपतीने डबी काढली, पान उलगडलं आणि वाचून दाखवलं, की परदेशी लोकांनी ठेवलेल्या त्या नावांचा अर्थ 'भय' आणि 'धास्ती' असा होतो. आत कुशाबाईने हातातलं भांडं आपटलं.

"ऐकलंत आप्पासाहेब?" जोशीबुवा म्हणाले. "मुलीचा मंगळ एकटा नाही. भय आणि धास्ती बरोबर घेऊन आलाय."

मी मनात म्हटलं, संपलं. पण आप्पासाहेब पाटाच्या पाण्यावर शेती केलेला माणूस. पाटकरी पाणी सोडलंय म्हणाला तरी स्वतः पाटात हात घालून बघणारा. त्यांनी ते पान हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं.

"बुवा, पंचांगात हे चंद्र हायत का?" त्यांनी विचारलं.

"नाहीत," बुवा म्हणाले. "म्हणजे मुळातच नाहीत."

"महिपतीराव, मला दोन्ही चंद्र ह्या डोळ्यांनी दावा. असले, तर बुवांना मंगळाच्या घरची मानसं बी ठावं न्हायत असं हुईल. मग त्याच्या मनातलं त्यांना काय कळतंय? पत्रिका मी पाटात सोडून दीन. आन न्हाय दावले, तर आपला रामराम."

महिपतीने तिथल्या तिथे शब्द दिला. त्या वर्षी मंगळ पंधरा वर्षांत आला नव्हता इतका जवळ येणार, असं कारखान्यातल्या एका शिकलेल्या माणसाने त्याला सांगितलं होतं. बारामतीच्या बाजारातून त्याने चष्म्याचं भिंग आणलं, घड्याळजीकडून त्याचं डोळ्याला लावायचं भिंग मिळवलं, आणि पत्र्याची हातभर लांब नळी करून घेतली. आषाढ सरता सरता मंगळ सगळ्यात जवळ आला आणि आभाळ गच्च भरलं. पाऊस म्हणाल तर थेंब नाही, नुसते ढग. त्या साली श्रावण अधिक आला, म्हणजे धोंड्याचा महिना, त्यात लग्नाची बोलणी करायची नाहीत. भावकीतल्या बायका कुशाबाईला मुद्दाम विचारत, जावयाचे धोंडे तळले का? मग खरा श्रावण, मग भाद्रपद, मग पितरांचा पंधरवडा. मधूनच ढग फाटे आणि महिपती नळी लावून बसे. ज्वारीच्या दाण्याएवढा तांबडा ठिपका दिसे. भोवती काही नाही. त्याने भिंग पुसलं, बदललं, नळी लांब केली. पुन्हा काही नाही.

ते चंद्र भल्याभल्या दुर्बिणींतूनही दिसत नाहीत. पुढे मला एका मास्तरांनी हे सांगितलं. मासिकातही ते लिहिलेलं असणार. पण पाचवं पान आमच्या पुडक्यात आलं नव्हतं.

आश्विनात आप्पासाहेबांचा निरोप आला, की घटस्थापनेनंतर तिसऱ्या दिवशी येतो, तेव्हा काय ते दाखवा, इंदापूरचं एक स्थळ थांबून आहे. महिपती बायकामुलीसह भावाच्या मळ्यात येऊन राहिला होता, मी दोन दिवस आधीच निरवांगीला गेलो. जयवंता विहिरीवर धुणं धूत होती. मला बघून ती म्हणाली, "काका, नानांच्या नळीत काय दिसत न्हाय. मी रोज बघतीया." एवढंच म्हणाली आणि पिळे झटकू लागली. मला कुणी काही कर म्हटलं नव्हतं.

माझ्या पेटीतला शालू मी बरोबर नेला होता. त्याच्या काठातून जरीचे दोन बारीक कण तोडले, एक जरा मोठा, एक लहान. बाभळीच्या डिंकाने ते डोळ्याकडच्या भिंगाला आतून चिकटवले, मंगळ मधोमध आला की दोन बाजूंना येतील असे. नळीच्या सांध्याला फट होती. जवळ कंदील टांगला की त्यातून थोडा उजेड आत शिरे आणि दोन्ही कण चमकत. मी लावून बघितलं. सुरेख दिसत होते. इतकी वर्षं रंगभूमीवर काढल्यावर तेवढं जमायलाच हवं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळे मळ्यात जमले. उसाचा चरक अजून चालू झाला नव्हता. त्याच्या आडव्या लाकडाला महिपतीने नळी बांधली होती. आभाळ स्वच्छ, मावळतीला चंद्राची कोर, आणि दक्षिणेकडे मंगळ चांगला वर आलेला. वाटेत कुणाला ठेच लागू नये म्हणून मी कंदील टांगला. महिपतीचा चेहरा ओढलेला होता. त्याने नळी मंगळावर धरली, पण स्वतः डोळा लावला नाही. त्याला धीर नव्हता.

आप्पासाहेब लाकडी पाटावर बसले आणि त्यांनी डोळा लावला. 

"दोन हायत," ते म्हणाले. "एक बारका हाय."

त्यांनी जोशीबुवांना बसवलं. बुवांनी बघितलं, उपरणं सारखं केलं आणि बाजूला झाले. आप्पासाहेब कुशाबाईकडे वळून म्हणाले, "व्हिनबाई, तुळशीचं लगीन झालं की आपलं." कुशाबाईने पदर डोळ्याला लावला आणि गूळ आणायला आत पळाली. जयवंता दाराच्या आड होती, तिची बांगडी वाजली.

इथे पडदा पडायला हवा होता.

महिपतीने मला बाजूला सारलं. मी म्हटलं, अरे जेवणं होऊ देत, डोळे शिणलेत तुझे. त्याने ऐकलं नाही. त्याने नळी पुन्हा मंगळावर आणली, पाटावर बसला आणि डोळा लावला. "दिसले," तो पुटपुटला. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं. रंगभूमीवर मी खूप रडलो आहे, रडवलं आहे. असा चेहरा मला कधी करता आला नाही.

आता नळी एका जागी बांधलेली असली तर मंगळ तीत थांबत नाही. आभाळ सरकतं, त्याबरोबर तोही हळूहळू कडेला जातो आणि तीन-चार मिनिटांत काचेबाहेर पडतो. एरवी महिपती दर मिनिटाला बोटाने नळी ढकलायचा. त्या दिवशी ढकलली नाही. डोळा काढवेना, हात हलवेना. तो तसाच बसून राहिला. मंगळ कडेला गेला असणार, मग काचेबाहेर गेला असणार. आणि माझे दोन्ही चंद्र होते तिथेच राहिले.

मी त्याचे खांदे खाली पडताना पाहिले.

त्याने डोळ्याकडचं भिंग काढलं, नखाने कण खरवडले आणि कंदिलाशी धरले. त्या शालूवर नऊ वर्षं त्यानेच उजेड टाकला होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मूठ मिटली.

"आप्पासाहेब," तो म्हणाला, "तुमी बघितलं ते चंद्र न्हवते. सोनेरी जर हुती, भिंगाला चिकटलेली."

"कुनी चिकटवली?"

"नळी माझी हाय."

"म्हंजी मंगळाला चंद्र न्हायत."

"हायत. दोन हायत. पर ह्या नळीत दिसत न्हायत."

आप्पासाहेब उठले. त्यांना राग आलेला नव्हता, तेच वाईट झालं. शेतात चुकलेल्या माणसाला वाट सांगावी तशा आवाजात ते म्हणाले, "महिपतीराव, दिसले ते न्हवते म्हनता, आन दिसत न्हायत ते हायत म्हनता. सोयरीक करायची तर मानसाचं बोलनं कळाय पायजे." गाडी जुंपली गेली. कुशाबाई गुळाची वाटी घेऊन दारात उभी होती.

मी महिपतीला बांधाच्या कडेला नेऊन हवं ते बोललो. जन्मभर पत्र्याचा डबा दोरीने वर ओढलास, तेव्हा तुझं खरं कुठे गेलं होतं? पोरीचं लग्न होईपर्यंत थांबला असतास तर कुणाचं काय गेलं असतं?

"तितं लोक तिकीट काढून येत्यात, गेणबा," तो म्हणाला. "डब्यात बत्ती हाय हे त्यांना ठावं असतंय. हितं तो मानूस इस्वासानं डोळा लावून बसला हुता." मग म्हणाला, "आन मी बी बसलो हुतो. मला बी वाटलं, दिसले. तेवढं तू मला दाखवाय नको हुतं."

त्याने माझं नाव कुणाला सांगितलं नाही. पुढे वर्षभर कुशाबाई माझ्यासमोर त्याला खोटारडा म्हणत राहिली. तो ऐकून घेई. मी बशीतला चहा फुंकत बसे.

सर्जेरावाचं लग्न त्याच हंगामात इंदापूरच्या मुलीशी झालं. जयवंताला पुन्हा कुणाला दाखवायचं नाही, हा तिचा शब्द तिने दोन वर्षं पाळला. मग कारखान्यातल्या एका फिटरने पत्रिकेशिवाय मागणी घातली, तिने होकार दिला. संसार बरा झाला. महिपतीने आणखी तीन नळ्या केल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठी. एकीतही चंद्र दिसले नाहीत. बघायला कुणी येतही नसे. तो ज्या दुपारी गेला त्या दुपारीही चौथीची काच पुसत होता.

त्यानंतर काही वर्षांनी वर्तमानपत्रात एक फोटो आला. परदेशी यान मंगळाजवळ गेलं होतं, त्याने तिथल्या चंद्राचं चित्र काढून पाठवलं होतं. मी कात्री घेऊन ते कापलं आणि मोटारीने वालचंदनगरला गेलो. जयवंता आता नातवंडांची आजी. ओट्यावर मेथी निवडत होती. तिने हात पुसून चष्मा लावला आणि चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"ह्यो?" ती म्हणाली. "बटाटाच की वो, काका. डोळं पडलेला."

मग मी तिला जरीचं सांगितलं. बत्तीस वर्षं मनात घोळवलेलं वाक्य नीट तयार केलं होतं, पण बोलताना सगळं घाईने आणि वेडंवाकडं बाहेर आलं. तिने मेथीची जुडी मोडली आणि पानं खुडू लागली.

"मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली. "जर लावली त्याचा राग न्हाय. पर एवढी वर्सं नाटकात काढली तुमी. मंगळ सरकला की चंद्र बी सरकाय पायजेत, एवढं ध्यानात आलं न्हाय? नळी ढकलाय एक मानूस तरी हुबा करायचा. मीच ढकलली असती."

 ती पुन्हा चित्राकडे बघायला लागली. वर धरलं, तिरपं धरलं.

"आन दुसरा कुठं हाय?"

मी कागद उलटा केला. मागे खताची जाहिरात होती. दुसरा त्यांनी छापलाच नव्हता.